नव्व्याण्णवावा बाण

बस नेहमीच्या रस्त्यानं गेली असती तर तिला तो बाण दिसलाच नसता. पुढं पाइप टाकायला रस्ता खणून ठेवला होता, म्हणून ड्रायव्हरनं कोणाला न सांगता-विचारता बस डावीकडच्या अरुंद रस्त्यात घातली. लोकांनी थोडी कुरकुर केली, मागच्या सीटवरच्या एकानं सगळ्या कारभाराचा उद्धार केला, आणि मग सगळे पुन्हा आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसले. ती खिडकीशी होती. मांडीवर पर्स, पर्समध्ये घडी घातलेलं पत्र, आणि ते पत्र मामांच्या हातात देताना पहिलं वाक्य कोणतं बोलायचं याची मनातल्या मनात उजळणी चाललेली. ‘मामा, गैरसमज करून घेऊ नका’ हे वाक्य तिनं तीनदा घोळवून टाकून दिलं होतं, कारण असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल तिचा स्वतःचाच हमखास गैरसमज व्हायचा. तेवढ्यात खांब आला. खांबावर पिवळा फळा, फळ्यावर काळा बाण. ती ताडकन उठली, पर्स खाली पडली. ‘थांबवा,’ ती ओरडली, ‘माझा बाण राहिलाय.’ कंडक्टर म्हणाला, ‘बाई, इथं थांबा नाही.’ मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं आणि निमूटपणे घंटी मारली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं याहून विचित्र कारणं ऐकलेली असावीत.

ती सायकल शर्यतीचे बाण लावायची. नऊ दिवसांची शर्यत, नऊ टप्पे, रोज दीडेकशे किलोमीटर. शंभरावर सायकलस्वार, पोटापाण्यासाठी सायकल मारणारे, अनोळखी रस्त्यांवरून सुसाट जातात, आणि पुढच्या चौकात डावीकडं की उजवीकडं हे त्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत कळावं लागतं. ते कळवणं हे तिचं काम. टप्प्याच्या आदल्या दिवशी ती गाडीत बाणांची चळत टाकून निघायची, तोंडात प्लॅस्टिकच्या पट्ट्या धरायची, आणि खांबामागून खांब संपवत जायची. एका वळणाला तीन बाण. एक वळणाच्या आधी, सावध करायला. एक ऐन वळणावर. आणि एक वळून गेल्यानंतर पन्नास पावलांवर. हा तिसरा तिचा स्वतःचा. पूर्वी दोनच असायचे. वळून गेलेल्या माणसाला ‘हो बाबा, बरोबर चाललायस’ असं कोणीतरी म्हणावं लागतं, असं तिनं पहिल्याच वर्षी बैठकीत सांगितलं तेव्हा सगळे हसले होते, पण बाण लागला, आणि आता सगळेच त्याला धीराचा बाण म्हणतात. गंमत अशी की एकोणीस वर्षांत तिनं शर्यत एकदाही पाहिली नव्हती. सायकली इथं यायच्या तेव्हा ती पुढच्या टप्प्याच्या खांबाशी असायची, आणि शेवटच्या दिवशी बाणांच्या गोदामात, हिशेब लिहीत. आणि मामांनीही, साऱ्या शर्यतीच्याच मामांनी, ती पाहिली नव्हती, कारण मामा सगळ्यांच्या मागं. सायकली गेल्या, संघांच्या गाड्या गेल्या, रुग्णवाहिका गेली, पाय गळून गेलेल्यांना गोळा करणारी बस गेली, की मग मामांची गाडी. तिचं नाव शेपूट. मामांनी प्रत्येक खांबाशी उतरायचं, शिडी लावायची, कटरनं पट्ट्या तोडायच्या आणि बाण गाडीत टाकायचा. शेपूट गेलं की पोलीस रस्ता खुला करायचे. लावणाऱ्यानं काढायचं नाही, काढणाऱ्यानं लावायचं नाही, हा या कामातला जुना नेम. संध्याकाळी मोजणी व्हायची: गेले किती, आले किती. एकही बाण मागं राहता कामा नये, कारण राहिलेला बाण कोणाला ना कोणाला कुठंतरी पाठवतच राहतो. एकोणीस वर्षं ती आणि मामा एकाच रस्त्यावर काम करत आले होते, आणि एकमेकांना भेटायचे ते त्या मोजणीपुरते, चहाचा कप संपेपर्यंत.

आणि आता पर्समध्ये ते पत्र. गेल्या वर्षी शेवटच्या टप्प्याला, याच शहरात, शेपूट दीड तास उशिरा आलं. दीड तास अर्धं शहर खोळंबलं. पोलिसांनी या वर्षी परवानगी देताना स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर शहरातला टप्पा विसरा. शर्यतीचे नवे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात आणि जे वयानं तिच्या भाचीपेक्षाही लहान आहेत, अगदी हळुवारपणे म्हणाले होते, ‘मॅडम, मामांचे गुडघे गेलेत हो. सन्मानानं थांबवू या. माणसाला वर उचलणाऱ्या पाळण्याची गाडी असलेला कंत्राटदार मिळतोय, शिडीच नको. तुम्ही मार्गप्रमुख, पत्र तुमच्या सहीचं हवं.’ यात खोटं काही नव्हतं. मामांचे गुडघे जिना चढताना तिला ऐकू यायचे. पण मामा वर्षभर त्या गोदामात बसून बाण पुसायचे, चिरलेले बाजूला काढायचे, पाठीमागचे पुसट झालेले आकडे पुन्हा लिहायचे. बायको गेल्यापासून त्यांना दुसरं घर असं नव्हतंच, आणि हे सगळं त्या नऊ दिवसांच्या जोरावर. शर्यत तीन आठवड्यांवर आली होती. तिनं सकाळी सही केली, आणि पोस्टानं पाठवायचा भ्याडपणा नको म्हणून स्वतः निघाली. तेवढंच आपल्याकडून, असं तिला वाटलं होतं.

खांबाखाली एक चावीवाला बसला होता. त्याच्या डोक्यावर बरोबर चार हातांवर बाण. वर्षभराच्या उन्हानं पिवळा रंग विटला होता, काळा मात्र शाबूत. तिच्या मनात पहिला विचार आला तो मोठा नीच होता, आणि तो आला हे तिनं पुढं कधी स्वतःपासून लपवलं नाही: बरं झालं. मामांच्या हातून बाण राहिला, म्हणजे डोळेही गेले, म्हणजे पत्र योग्यच. पण दुसरा विचार पहिल्याच्या पाठोपाठ आला आणि तो काही केल्या जागेवर बसेना. शर्यत या गल्लीतून कधी गेलीच नव्हती. शर्यत गेली होती पलीकडच्या मोठ्या रस्त्यानं, इथून तीनेकशे पावलांवर. मग इथं बाण कशाला? ‘चावी हवीय?’ चावीवाल्यानं विचारलं. ती म्हणाली, ‘नाही. हा बाण बघतेय.’ ‘बघा, पण हात नका लावू हं. अख्खी गल्ली त्याच्यावर पत्ता सांगते. बाणाच्या समोरचा जिना, बाणाच्या अलीकडचा दवाखाना. गेल्या वर्षी एक बाई लावून गेल्या.’ ‘कोण बाई?’ ‘काय माहीत. माझंच स्टूल घेतलं, न विचारता. रडत होत्या. मी म्हटलं असतील पालिकेच्या.’ त्यानं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं, पण त्याच वेळी कोणीतरी कुलूप घेऊन आलं आणि तो त्यात गुंतला.

तिनं पट्ट्या पाहिल्या. पट्टी ओढून घट्ट केली की उरलेलं टोक ती तिरपं कापते आणि खांबाच्या मागच्या अंगाला वळवते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताला ओरखडा येत नाही; हे तिच्याशिवाय कोणी करत नाही, कोणाला तेवढा वेळही नसतो. टोकं तिरपी होती आणि मागं वळलेली होती. ती खांबाच्या मागं गेली, टाचा उंचावल्या. फळ्याच्या पाठीवर मामांच्या गोल अक्षरात आकडा: नव्व्याण्णव. शेवटच्या टप्प्याला एकशे छत्तीस बाण होते. अठ्ठ्याण्णव लावून झाले होते तेव्हा भाचीचा फोन आला होता. ‘मावशी, आई गेली.’ भर दुपार होती, रस्ता पांढरा पडला होता, तोंडात पट्ट्या होत्या म्हणून ती नुसतं ‘हं’ म्हणाली होती. त्या ‘हं’ची तिला नंतर फार लाज वाटली. गाडीच्या ड्रायव्हरला तिनं पुढच्या चौकात थांबायला सांगितलं, उरलेले बाण लावून संपवले, आणि संध्याकाळच्या गाडीनं भाचीच्या गावी गेली. अडतीस बाण. बक्षीस समारंभात म्हणे कोणीतरी भाषणात सांगितलं, बहीण गेल्याचं कळूनही या बाईंचा हात थांबला नाही, एक बाण चुकला नाही, आणि टाळ्या पडल्या. ती नव्हती तिथं, पण ऐकून तिला बरं वाटलं होतं. वर्षभर ती त्या वाक्याला धरून उभी होती. ताईजवळ शेवटी नसल्याचं ओझं उचलायला ते वाक्य उपयोगी पडायचं: नव्हते मी, पण काम तर चोख केलं. आणि आता त्या दुपारचं काही आठवू जावं तर सत्त्याण्णव आठवतो, अठ्ठ्याण्णव आठवतो, मग एकदम शंभर. मधलं स्टूल नाही, चावीवाला नाही, रडणं तर नाहीच नाही. आपल्या हातांनी केलेलं काम आपल्याला असं परकं होऊन समोर टांगलेलं दिसावं, याची तिला त्या उन्हात थंडी वाजली.

बाण समोरच्या जिन्याकडं वळलेला होता. तो जिना तिला न पाहताही सांगता आला असता. सतरा पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा सतरा. तिसऱ्या मजल्यावर डावीकडची खोली, खिडकीला अर्धाच पडदा, कारण तेवढंच कापड उरलं होतं. ताई टेलिफोन खात्यात होती. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायची, आणि घरी आली की अर्धा तास ‘माझ्याशी बोलू नकोस ग’ म्हणून भिंतीकडं तोंड करून पडायची. त्या पगारात तिनं धाकट्या बहिणीला शिकायला आणलं. धाकटी सतराची, आणि दिशांच्या बाबतीत पार ढ. पहिल्या आठवड्यात चारदा हरवली. एकदा तर आपल्याच इमारतीच्या मागं उभी राहून रडत होती, आणि ताई खिडकीतून हाका मारतेय. ताई रागावली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिनं खडूनं भिंतींवर बाण काढून ठेवले: बसथांब्याच्या कोपऱ्यावर एक, गल्लीच्या तोंडाशी एक, आणि वळून आत आल्यावर, जिथं खरं म्हणजे रस्ता सरळच होता आणि चुकायला जागाच नव्हती, तिथं आणखी एक. ‘हा कशाला ग?’ तिनं विचारलं होतं. ‘वळलीस की तुझा जीव खालीवर होतो ना,’ ताई म्हणाली होती, ‘म्हणून.’ खांबाला हात लावून ती उभी राहिली. एकोणीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती की धीराचा बाण आपल्याला सुचला. कधी खोटं बोलतोय असं वाटलं नाही, इतकं ते तिला स्वतःचं वाटायचं. पाऊस एकदा आला आणि खडू पुसला गेला, तोवर तिला वाट पाठ झाली होती, आणि वाट पाठ झाली की ती कोणी शिकवली हे माणूस विसरतोच. ताई ग, ती मनात म्हणाली, तुझे उपकार मी माझ्या नावावर खपवले ग. आणि आश्चर्य म्हणजे असं म्हणताना तिला वाईट वाटण्यापेक्षा बरंच वाटत होतं, भूक लागल्यावर घरात काहीतरी झाकून ठेवलेलं सापडावं तसं.

बाण तिनं काढला नाही. स्टूल होतं, कटर पर्समध्ये कायमचं, पण लावणाऱ्यानं काढायचं नाही. ती पायीच गोदामाकडं निघाली. वाटेत हिशेब मात्र पाठ सोडेना. नव्व्याण्णवावा इथं, म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या चौकात तो नव्हता. ते वळण तीव्र, उताराच्या तोंडाशी. आधीचा सावध करणारा बाण त्या वेगात पुरत नाही; ऐन वळणावर बाण नसताना आघाडीचे दोघं-तिघं सरळ उतारावरून बाजाराकडं जायला हवे होते, आणि त्यांच्यामागं सगळी झुंड. पण तसं झालं नव्हतं. शर्यत बिनबोभाट पार पडली होती. आणि वहीत मामांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: गेले एकशे छत्तीस, आले एकशे छत्तीस. ती परतल्यावर तिनंच खाली सही केली होती.

गोदामाचं दार अर्धं उघडं होतं. मामा खुर्चीत बसून ओल्या फडक्यानं एक बाण पुसत होते, एक गुडघा सरळ लांब ठेवलेला. ‘या बाई,’ ते म्हणाले, ‘आज इकडं कशी वाट चुकलात?’ ती समोरच्या खोक्यावर बसली. पाठ केलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. ती म्हणाली, ‘मामा, नव्व्याण्णव सापडला.’

मामांचं फडकं थांबलं. त्यांनी हातातला बाण खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘कुठं?’ तिनं गल्ली सांगितली. मामांनी मांडीवर थाप मारली. ‘आठवी! सात गल्ल्या पालथ्या घातल्या हो मी. आठवीच्या तोंडापर्यंत आलो होतो, तेवढ्यात पोलिसाचा पारा चढला.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘चौकात खांब कोरा होता. कोणी चोरला असता तर खाली तुटक्या पट्ट्या पडल्या असत्या. खाली काही नाही. तुमच्या गाडीत तर एकही उरलेला नव्हता, मी विचारलं होतं ड्रायव्हरला. म्हणजे कुठंतरी दुसरीकडं लागलाय. आता शर्यतीचा बाण गावात मोकळा सोडून कसं जायचं? गाडी लावली चौकात आणि निघालो शिडी घेऊन.’

‘दीड तास,’ ती म्हणाली.

‘असेल. गुडघ्यांना घड्याळ नसतं.’

पर्समधलं पत्र तिला मांडीवर जाणवत होतं, एका कागदाचं असं किती वजन असणार, पण जाणवत होतं. मग तिनं विचारलं, ‘आणि चौकात? बाण नव्हता, तर सायकली वळल्या कशा?’

मामा हसले. ‘ते तर मी कोणाला सांगितलंच नाही. मी पोचलो तेव्हा चौकात चिटपाखरू नव्हतं, आणि मधोमध एक बाई उभ्या. आपल्या स्वयंसेवकांतल्या, पोस्टात काम करतात त्या, चष्म्याच्या. हात असा लांब केलेला, डावीकडं. मला म्हणाल्या, काका, आता हात खाली घेऊ का? मी म्हटलं, कधीपासून उभ्या आहात? म्हणाल्या, सकाळपासून. नकाशात इथं बाण दाखवलाय, खांबावर नाही, म्हणून मीच झाले. अहो, म्हटलं, शर्यत जाऊन तास झाला. तर म्हणतात, शेवटची गाडी जाईपर्यंत बाण हलत नाही, असं तुमच्या बाईंनीच शिकवलंय. तो हात त्यांना खाली घेता येईना, मी धरून घेतला.’

तिनं ते कुठल्याशा शाळेच्या वर्गात, फळ्यासमोर उभं राहून, चाळीस स्वयंसेवकांना सांगितलं होतं. त्यातल्या चष्म्याच्या बाई तिला आठवेनात. आपण ज्यांना एकदाही नीट पाहिलं नाही ती माणसं आपलं चुकलेलं सावरून धरून उभी असतात, उन्हात, हात भरून आला तरी. आणि आपण दुसऱ्या गावात बसून म्हणत असतो, माझा हात थांबला नाही. तिला रडू आलं. या वेळी तिला ते नीट कळलं, आणि तिनं ते येऊ दिलं. मामांनी तिच्याकडं न बघता चहाची किटली पुढं सरकवली.

‘मला का नाही सांगितलंत?’ तिनं नाक पुसत विचारलं.

‘तुम्ही बहिणीला पोचवून आला होता. तुमच्या पुढ्यात काय म्हणून येऊ, बाई, एक बाण कमी आहे? कोऱ्या बाणांतला एक घेतला, मागं आकडा टाकला आणि लावला चळतीत.’

‘म्हणजे वहीत खोटं लिहिलंत.’

‘लिहिलं की,’ मामा म्हणाले. ‘अक्षर चांगलं आलंय का नाही?’

ती रडता रडता हसली. मग तिनं पर्समधून पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं, कारण त्यांच्यापासून लपवून फाडणं हीसुद्धा एक फसवणूकच झाली असती. मामांनी ते हात लांब करून सावकाश वाचलं. दोन्ही बाजू पाहिल्या. ‘गुडघ्यांचं खरं आहे,’ ते म्हणाले. एवढंच. घडी पूर्ववत घालून त्यांनी ते खोक्यावर ठेवलं आणि फडकं पुन्हा उचललं, पण पुसलेलाच बाण ते पुन्हा पुसू लागले.

तिनं तिथंच फोन लावला. ‘साहेब, गेल्या वर्षी शेपटाला उशीर झाला तो माझ्यामुळं. बाण मी चुकीच्या गल्लीत लावला होता... नाही, ऐका तर. मामा तो शोधत होते... हो, लेखी देते, पोलिसांनाही देते... नाही, ते पत्र रद्द. शेवटच्या टप्प्याला शेपूट मामा चालवतील, शिडीवर मी चढेन. एकशे छत्तीसच्या एकशे छत्तीस वेळा... पुढचे बाण? शेवटच्या टप्प्यानंतर कुठं पुढं बाण असतात? आणि आधीचे आठ दिवस तुमच्या कंत्राटदाराचा एक माणूस द्या मामांबरोबर, पाळणा ठेवा तुमच्याकडं... नेम मोडतो? मोडू दे. मोजायला तुम्ही या.’ मग साहेब म्हणाले, ‘मॅडम, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं.’ ती म्हणाली, ‘हो ना. तेच तर वर्षभर चाललं होतं.’ साहेबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, द्या लिहून, बघतो, बोलतो पोलिसांशी. त्यांच्या ‘बघतो’चा अर्थ बहुतेक वेळा ‘हो’ असायचा.

मामा इतका वेळ भिंतीकडं बघत होते. तिनं फोन ठेवल्यावर ते म्हणाले, ‘एक सांगा. तो बाण त्या गल्लीत दाखवतो कुठं?’

‘समोरच्या जिन्याकडं. आमची खोली होती तिथं. ताईची.’

मामांनी मान हलवली.

‘मग बरोबर लावलाय की,’ ते म्हणाले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, खिळ्यावरचा कटर काढला आणि शिडीकडं बोट दाखवलं. ‘धरा ते टोक. काढायला तर लागेल. गेल्या वर्षीची मोजणी अजून एकानं कमी आहे.’